टर्बो गाडीला ऑइल कॅच कॅन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं पेट्रोल टर्बो इंजिन डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. डिझेलचं गणित वेगळं असल्याने ते प्रश्न १९ मध्ये स्वतंत्र घेतलं आहे.

१. ऑइल कॅच कॅन म्हणजे नेमकं काय? तो करतो काय?

पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळत्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. टर्बो इंजिनात सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून ब्लो-बायही जास्त. त्यात पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल असतं, शिवाय फिरत्या क्रँकने उडवलेलं तेलाचं धुकंही मिसळतं. हा वायू कोंडला तर ऑइल सील गळायला लागतात. म्हणून इंजिनातली पीसीव्ही (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी) व्यवस्था तो ओढून परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेवर, सोडते आणि जाळून टाकते.

कॅच कॅन हा त्या वाटेवर मध्ये लावलेला डबा. वायू आत शिरला की त्याचा वेग मंदावतो, तो जाळीवर आपटतो, धुक्याचे थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी साचतात. उरलेला वायू पुढे आपल्या वाटेने जातो. इंजिन ऑइलच्या फिल्टरशी याचा काहीही संबंध नाही.

२. माझ्या इंजिनाला दोन होज दिसतात. कॅन कुठल्यावर लावायचा?

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिला होज पीसीव्ही व्हॉल्व्हपासून इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांना) जातो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि संथ चालवताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू इथून ओढला जातो. दुसरा होज, ज्याला ब्रीदर म्हणतात, व्हॉल्व्ह कव्हरपासून टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपला जातो. व्हॅक्यूमच्या वेळी याच होजमधून ताजी हवा उलट इंजिनात येते. बूस्ट सुरू झाला, म्हणजे टर्बो हवा दाबून भरू लागला, की मॅनिफोल्डमध्ये दाब चढतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद होतो आणि सगळा ब्लो-बाय ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडाशी जातो.

म्हणजे रोजच्या वापरात इनटेक व्हॉल्व्हवर तेल पाठवतो तो पीसीव्हीचा होज, आणि जोरात चालवताना टर्बो व इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर) ओले करतो तो ब्रीदर. एकच कॅन लावायचा असेल तर शहरात, हायवेवर चालणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन गाडीला पीसीव्हीच्या बाजूला लावा. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला ब्रीदरच्या बाजूला. दोन्ही बाजू सांभाळायच्या असतील तर दोन वेगळे कॅन लावा, किंवा चेक व्हॉल्व्ह असलेला तीन तोंडांचा कॅन घ्या.

दोन्ही होज साध्या कॅनमध्ये एकत्र आणून सोडू नका. तसं केलं की व्हॅक्यूमच्या वेळी टर्बोच्या बाजूची ताजी हवा कॅनमधूनच थेट मॅनिफोल्डकडे पळते आणि क्रँककेस धुतला जातच नाही. गाडी उत्तम चालते, लाइटही लागत नाही, फक्त ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साठत राहतं.

३. माझ्या गाडीला याची खरंच गरज आहे का?

इंजेक्टर कुठे आहे ते आधी पाहा. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पडतं आणि तो धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्हला ते लागतच नाही. तिथे आलेलं तेल भाजून कार्बनचा थर होतो. टोयोटाच्या डी-४एससारख्या काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, तिथे ही अडचण बरीच कमी होते.

डायरेक्ट इंजेक्शन, वाढवलेला बूस्ट किंवा ट्रॅकचा वापर असेल तर कॅनला अर्थ आहे. पोर्ट इंजेक्शनची, कंपनीच्या ट्यूनवर निवांत चालणारी गाडी असेल तर नाही बसवला तरी चालतं. आणि वेळच्या वेळी रिकामा करायचा कंटाळा असेल तर कुठल्याच गाडीला बसवू नका. भरलेला कॅन हा नसलेल्या कॅनपेक्षा वाईट.

४. याने पॉवर किंवा मायलेज वाढतं का?

नाही. तेलाचं धुकं मिश्रणात गेलं की पेट्रोलची नॉक (आपोआप भडका उडणं) सहन करण्याची ताकद कमी होते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा देतो. कॅनमुळे तो तोटा टळू शकतो, इतकंच. आधीच बसलेला कार्बनही कॅन काढत नाही. तो अक्रोडाच्या टरफलांच्या ब्लास्टिंगने किंवा हाताने साफ करावा लागतो. हे काम ठरलेलंच असेल तर आधी सफाई, मग कॅन.

५. बंद कॅन घेऊ की फिल्टर लावलेला उघडा?

रस्त्यावरच्या गाडीला बंद. क्रँककेसचा वायू हवेत सोडायला बहुतेक देशांत मनाई आहे, आणि केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येतो तो वेगळाच.

तांत्रिक अडचणही आहे. ब्रीदर उघडा सोडला आणि पीसीव्हीचा होज मॅनिफोल्डला तसाच ठेवला, तर कॅनच्या फिल्टरमधून न मोजलेली हवा क्रँककेसमार्गे मॅनिफोल्डमध्ये शिरते. एअर मास सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणारं इंजिन त्यामुळे लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. त्यावर उपाय म्हणून काहीजण पीसीव्हीचं तोंडही बुजवतात. मग ओढ अशी उरतच नाही, वायू स्वतःच्या दाबाने जमेल तसा बाहेर पडतो आणि ऑइल लवकर काळं पडतं. ट्रॅकच्या गाडीत दर काही तासांनी ऑइल बदलतात, म्हणून तिथे हे खपून जातं.

६. कॅन निवडताना काय पाहायचं?

आत काय आहे ते. बाहेरून चकचकीत आणि आत मोकळा डबा असेल तर त्यातून धुकं सरळ पार होतं. आतला पाइप खालपर्यंत उतरलेला, मध्ये बॅफलची (वाट अडवणारी) पत्री आणि स्टेनलेसची दाट जाळी किंवा कोलेसिंग (बारीक थेंब एकत्र करणारा) फिल्टर, अशी रचना हवी. ब्लो-बायमधल्या धुक्याचे कण बरेचसे १ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असतात. विरळ जाळी फक्त मोठे थेंब धरते. रिकाम्या डब्यात साधं लोखंडी स्टील वूल कोंबू नका, ते गंजतं आणि त्याचे तुकडे इंजिनाकडे जातात.

क्षमता ३०० ते ७५० मिली असली की रोजच्या गाडीला पुरते. तोंडाचं आतलं माप मूळ होजपेक्षा लहान नको. खाली ड्रेन कॉक आणि पातळी पाहायला डिपस्टिक असेल तर उत्तम.

७. होज कोणता वापरायचा? हीटरचा किंवा सिलिकॉनचा चालेल का?

दोन्ही नको. हीटरचा होज ईपीडीएम रबराचा असतो, तो तेलाने फुगून लिबलिबीत होतो. साध्या सिलिकॉनमधून तेल पाझरतं. काही महिन्यांत होज बाहेरून ओला दिसायला लागतो. आतून फ्लुरोसिलिकॉनचा थर असलेला सिलिकॉन होज मात्र चालतो. सर्वांत सोपा पर्याय म्हणजे तेल सोसणारा नायट्राइल होज. एसएई ३०आर७ दर्जाचा होज इंधन आणि पीसीव्ही दोन्हींसाठी असतो.

आतला व्यास मूळ होजइतका किंवा थोडा मोठा ठेवा. बहुतेक गाड्यांत तो १२ ते १९ मिमी येतो. पीसीव्हीच्या बाजूला आयडलला ०.६ ते ०.७ बारचा व्हॅक्यूम असतो, त्यात पातळ होज चपटा होतो. वळण घट्ट असेल तिथे तारेची वीण असलेला होज किंवा तयार कोपरा वापरा.

८. बसवण्याची पद्धत पायरीपायरीने सांगा.

इंजिन पूर्ण थंड हवं. हातात दोन-तीन तास ठेवा.

१) इंजिन कव्हर काढा, मूळ होजचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. कुठला पीसीव्हीचा, कुठला ब्रीदर हे प्रश्न २ प्रमाणे ओळखा. ब्रेक बूस्टरचा होजही मॅनिफोल्डलाच येतो. त्याला हात लावायचा नाही, त्यात टी-जोड तर अजिबात द्यायचा नाही.

२) इंटरकूलरचा खालचा होज सोडून आत साचलेलं तेल काढून घ्या. हे आत्ता केलं नाही तर पुढे कॅन काम करतो की नाही ते कळणार नाही.

३) ब्रॅकेट बॉडीवरच्या आधीच्या बोल्टला बसतो का पाहा. जागा कशी निवडायची ते प्रश्न ९ मध्ये आहे. कॅन नुसता अडकवून बोनेट हळूच लावून पाहा, झाकणाला टेकत नाही ना.

४) होजची लांबी मोजा आणि इंजिन हलतं त्यासाठी ४-५ सेंमी ढील ठेवा. मूळ होज कापू नका; तो काढून पिशवीत ठेवा आणि नवीन होज वापरा. गाडी परत मूळ स्थितीत आणायची वेळ आली की हाच होज कामाला येतो.

५) कॅनच्या फिटिंगला आटे असतील तर पीटीएफई टेपचे दोन-तीन वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. अॅल्युमिनियमचे आटे लवकर झिजतात, पान्ह्यावर जोर लावू नका.

६) इंजिनाकडून येणारा होज कॅनच्या ‘इन’ला, मॅनिफोल्डकडे किंवा टर्बोकडे जाणारा ‘आउट’ला. उलटं जोडलं तर वायू जाळी टाळून जातो आणि तळातलं तेल उचलून नेतो. कॅनवर खूण नसेल तर झाकण उघडून पाहा: ज्या तोंडाचा पाइप खाली उतरतो ते बहुधा ‘इन’.

७) क्लॅम्प लावा, ड्रेन कॉक बंद आहे याची खात्री करा, इंजिन चालू करा. आयडलला प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. व्हॅक्यूमच्या बाजूला बुडबुडे येत नाहीत, पाणी आत ओढलं जातं, हे लक्षात ठेवा. स्मोक मशीन मिळालं तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

८) २०-३० किलोमीटर चालवून आणा आणि क्लॅम्प पुन्हा तपासा. गरम होऊन नवीन रबर थोडं बसतं.

९. कॅन बोनेटखाली कुठे लावावा?

जिथे थंडावा आहे तिथे, कारण वाफ गार भिंतीवरच जमते. टर्बो आणि एक्झॉस्टपासून शक्यतो १५ सेंमी तरी लांब. जमत नसेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा. कॅन बॉडीला बांधा, इंजिनाला नको: तिथे तो तापतो आणि कंपनाने ब्रॅकेटला चीर जाते. होजमध्ये कुठेही झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी-तेल साचून होज बुजतो.

१०. चेक व्हॉल्व्ह लागतो का? कुठल्या दिशेने?

पीसीव्ही व्हॉल्व्ह इंजिनातच घट्ट बसवलेला असेल तर कॅन त्याच्या आणि मॅनिफोल्डच्या मध्ये येतो. मग बूस्टच्या वेळी मॅनिफोल्डचा दाब उलट कॅनमध्ये शिरतो. कॅन आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये चेक व्हॉल्व्ह लावला की हे थांबतं. त्यावरचा बाण मॅनिफोल्डकडे हवा. खात्रीसाठी बसवण्याआधी तोंडाने फुंकून पाहा. एकाच बाजूने हवा गेली पाहिजे.

ब्रीदरच्या होजमध्ये चेक व्हॉल्व्ह टाकू नका. तिथे हवा दोन्ही दिशांनी जाते, आणि तसंच हवं असतं.

११. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून सरळ होज जोडला तर चालेल का?

नाही. त्या व्हॉल्व्हमध्ये वायूचा प्रवाह मोजून सोडणारं छिद्र असतं. ते गेलं की आयडलला मोठी व्हॅक्यूम गळती, आणि बूस्टला सगळा दाब क्रँककेसमध्ये. उलट, कॅन बसवतानाच पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा टाकणं शहाणपणाचं.

१२. बसवल्यावर चेक इंजिन लाइट लागला, आयडलही वर-खाली होतो. का?

नव्वद टक्के वेळा हवा कुठूनतरी गळते, असं समजूनच सुरुवात करा. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०५०७ म्हणजे आयडल जास्त. स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) पाहा. दोन्हींची बेरीज उणे ५ ते अधिक ५ टक्क्यांत असेल तर ठीक. आयडलला अधिक १० च्या पुढे आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर व्हॅक्यूम गळती नक्की. ड्रेन कॉक, झाकणाची ओ-रिंग, फिटिंगचे आटे या क्रमाने तपासा. कॅन उघडा असेल तर आधी प्रश्न ५ वाचा.

१३. कॅन बसवल्यापासून डिपस्टिक वर येते, एक्झॉस्टमधून निळा धूर येतो. टर्बो गेला का?

टर्बो बदलायच्या आधी क्रँककेसचा दाब मोजा. टर्बोचं तेल पंपाने येतं, पण परत जातं ते केवळ उताराने. क्रँककेसमध्ये दाब वाढला की ते परत उतरू शकत नाही, टर्बोच्या सीलवर तुंबतं आणि धूर येतो. सील चांगलं असूनही.

मोजायला पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट बसवा. नळी उंच ठेवा आणि मध्ये रिकामी बाटली जोडा, नाहीतर व्हॅक्यूमने पाणी इंजिनात जाईल. दोन बाजूंच्या पातळीत १० सेंमी फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल. निरोगी इंजिनात आयडलला थोडा व्हॅक्यूम दिसतो. चालत्या गाडीत यू-नळी नको, तिथे कमी दाबाचा गेज वापरा. कॅनसह आणि मूळ होजसह, दोन्ही वेळा मोजा. कॅनसह दाब चढत असेल तर होज बारीक आहे, दुमडला आहे किंवा जाळी बुजली आहे. दोन्ही वेळा सारखाच जास्त असेल तर दोष कॅनचा नाही. लीक-डाउन टेस्ट करा (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते पाहणं). गळती २० टक्क्यांच्या वर आली तर रिंगांकडे पाहावं लागेल.

१४. कॅन किती दिवसांनी रिकामा करायचा? किती साचणं नॉर्मल?

पहिल्यांदा ५०० किलोमीटरला उघडून पाहा. त्यावरून तुमच्या गाडीत साचण्याचा वेग कळतो. साधारण दर १००० ते १५०० किलोमीटरला तपासणी पुरते. अर्ध्यावर गेला की रिकामा करायचा, काठोकाठ होऊ द्यायचा नाही. किती साचतं हे इंजिन, हवामान आणि चालवण्यावर ठरतं, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीशी तुलना निरर्थक. स्वतःची नोंद ठेवा: आकडा अचानक दुप्पट झाला तर ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलंय का, पीसीव्ही अडकलाय का, रिंगा गेल्यात का, ते पाहायचं.

काहीच साचत नसेल तर खूश होऊ नका. होज उलटे जोडलेत का ते पाहा.

१५. कॅनमध्ये दुधाळ, पिवळट चिकट पदार्थ आहे. हेड गॅस्केट उडालं का?

बहुधा नाही. ते पाणी आणि तेलाचं मिश्रण आहे. गार हवेत आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, वाफ तशीच कॅनमध्ये येऊन जमते. कूलंट कमी होतंय का आणि डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ आहे का, एवढं पाहा. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर काळजीचं कारण नाही.

१६. साचलेलं तेल परत इंजिनात ओतलं तर?

अजिबात नको. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. पेट्रोलमुळे ते पेटही घेतं, म्हणून गरम इंजिनावर सांडू देऊ नका. जुन्या ऑइलसोबत विल्हेवाट लावा.

१७. कडाक्याच्या थंडीत काही वेगळं करावं लागतं का?

तापमान शून्याखाली जात असेल तर हो. कॅनमधलं पाणी गोठून वाट बंद करतं, दाबाला जागा राहत नाही आणि डिपस्टिक उडते किंवा मागचं मेन सील गळतं. अशा दिवसांत दर दोन-तीनशे किलोमीटरला रिकामा करा, होजला उष्णतारोधक वेष्टण द्या, किंवा तेवढे महिने कॅन काढून मूळ होज लावा. प्रश्न ९ मधला थंडाव्याचा सल्ला इथे उलटतो: कॅन इंजिनाच्या उबेजवळ आणा.

१८. व्हॉल्व्ह कव्हरवर होजच दिसत नाही. पीसीव्ही आतच आहे. मग?

बऱ्याच नव्या इंजिनांत सेपरेटर, डायफ्रॅम आणि चेक व्हॉल्व्ह कव्हरमध्येच किंवा त्यावरच्या एका प्लास्टिकच्या जुडग्यात असतात. फोक्सवॅगन ग्रुपचं ईए८८८ हे त्याचं ओळखीचं उदाहरण. इथे त्या इंजिनासाठीच बनवलेली प्लेट लागते. मधलं छिद्र बुजवून घरगुती जुगाड करू नका. डायफ्रॅम क्रँककेसमधला व्हॅक्यूम ठरावीक ठेवतो. त्याला वळसा घातला तर व्हॅक्यूम प्रमाणाबाहेर जातो आणि मेन सीलमधून शिट्टीसारखा आवाज येतो. हा आवाज कॅन नसतानाही आला तर डायफ्रॅम फाटलेला असतो, आधी तो बदला.

१९. डिझेल टर्बोला चालतो का?

चालतो, आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडणारी व्यवस्था) असलेल्या गाडीत उपयोगही होतो, कारण तिथे काजळी आणि तेल मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. डिझेलमध्ये मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे क्रँककेसचा एकच होज टर्बोच्या आधी जातो; कॅन तिथेच. कोलेसिंग फिल्टर आणि तो बुजला तर उघडणारा बायपास व्हॉल्व्ह असलेलाच घ्या.

रिकामा करायला विसरलात तर धोका पेट्रोलपेक्षा मोठा आहे. भरलेल्या कॅनमधलं तेल टर्बोने ओढलं तर डिझेल इंजिन त्याच तेलावर चालू राहतं, चावी बंद केली तरी.

२०. हवेच्या कंप्रेसरचा वॉटर सेपरेटर कॅच कॅन म्हणून लावला तर?

बसतो, पण टिकत नाही. त्याची वाट सहसा पाव इंचाची असते, ब्लो-बायला अपुरी. खालची पारदर्शक वाटी पॉलिकार्बोनेटची असेल तर पेट्रोलची वाफ आणि उष्णता यांनी तिला चिरा जातात. वाटी फुटली की एकाच वेळी व्हॅक्यूम गळती आणि तेलाची गळती.

२१. कॅन लावूनही इंटरकूलरमध्ये तेल येतंय.

टर्बोच्या आधीचा पाइप काढून बोट फिरवा. तिथे ओलं असेल तर तेल ब्रीदरमधून येतंय: कॅन फक्त पीसीव्हीच्या बाजूला आहे किंवा जाळी विरळ आहे. टर्बोच्या कंप्रेसरच्या आधी कोरडं आणि नंतर ओलं असेल तर टर्बोचं सील पाहा, तेही प्रश्न १३ मधली दाबाची तपासणी झाल्यावर. बोटाला नुसता पातळ थर लागत असेल तर सोडून द्या.

२२. ट्रॅकवर वीस मिनिटांत कॅन भरतो. मोठा घेऊ का?

मोठा कॅन घेतलात तर तेवढंच जास्त ऑइल इंजिनातून बाहेर जाईल. लांब वळणात ऑइल हेडमध्ये एका बाजूला साचतं आणि ब्रीदरच्या तोंडातून सरळ वाहतं. ते धुकं नसतं, चक्क ऑइल असतं. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे नाही ना ते पाहा, व्हॉल्व्ह कव्हरमध्ये बॅफल घाला, आणखी एक ब्रीदर जोडा. स्पर्धेत उतरणार असाल तर नियम वेगळे: एफआयए या मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अपेंडिक्स जे प्रमाणे ब्रीदर उघड्या प्रकारचा असेल तर २००० सीसीपर्यंत किमान २ लिटरची आणि त्यापुढे ३ लिटरची टाकी लागते, आणि ती अर्धपारदर्शक प्लास्टिकची किंवा आतली पातळी दिसेल अशा खिडकीची असावी लागते.